पाकिटातली खेळी

४ ऑगस्ट

प्रिय मामा,

पहिली बातमी: मी अंतिम फेरीत पोचले! त्या लांब मानेच्या वकिलाला एकतीस खेळ्यांत गार केलं. डाव सोडताना बिचारा हात मिळवायला विसरला आणि वर माझीच पाण्याची बाटली उचलून घेऊन गेला.

दुसरी बातमी त्याहून मोठी आहे, बसून वाच. दुरुस्तीला आलेल्या काट्याच्या पारड्यात नको, खुर्चीत बस.

आपल्या क्लबला यंदा पन्नास वर्षं होतात. अंतिम डाव १९ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी. तो संपला की सगळ्यांसमोर तुझं पाकीट फोडायचं ठरलंय. हो, तेच! सेक्रेटरी औषधवाले काकांनी स्वतः जाहीर केलं. सव्वीस वर्षांपूर्वी तुझ्याशी अंतिम डावात खेळलेला माणूसच तुझं पाकीट फोडणार, म्हणजे बघ.

दातांच्या लॅबमधल्या मुलींना हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. "डाव एका दिवसात संपला नाही तर तहकूब करतात. ज्याची पाळी असेल तो आपली पुढची खेळी कागदावर लिहून पाकिटात घालतो, म्हणजे रातोरात कुणाला फायदा नको. दुसऱ्या दिवशी पाकीट फोडलं की डाव पुढे सुरू." मग त्यांनी विचारलं, तुझ्या मामाचं का नाही फोडलं? मी हातातली कवळी खाली ठेवली आणि ऐटीत सांगितलं, "कारण दुसऱ्या दिवशी मी जन्मले. मामाने चिठ्ठी पाठवून डाव सोडला आणि तो दवाखान्यात बसून राहिला."

मी आठ वर्षांची असल्यापासून ते पाकीट काचेच्या कपाटात बघतेय. आई मला क्लबात सोडायला यायची तेव्हा ज्याला त्याला सांगायची, "हिच्यापायी माझ्या भावाने अजिंक्यपद सोडलं." मग सगळे माझ्याकडे असे बघायचे, की जणू मी जन्मताना लाथ मारून कपच फोडलाय.

आता कळेल तरी, तू काय लिहिलं होतंस. मला आत्ताच सांगू नकोस हं!

आपला पत्रांतला सतरावा डाव सुरू करते. पत्राच्या शेवटी खेळी नसेल तर पत्र धरायचं नाही, हा नियम तुझाच. पांढरी मी. प्यादं ई४.

तुझी भिंगरी


११ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

शाब्बास! पत्र दुकानातच फोडलं आणि शेजारच्या चावीवाल्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, पण वकील हरला म्हटल्यावर तो फार खूश झाला.

इथे सगळं ठीक. सध्या भंगारवाल्याचा मोठा काटा आलाय दुरुस्तीला. दर वेळी दोन किलो कमी दाखवतो. तो शपथेवर सांगतो की आपोआप बिघडला. मी म्हटलं, असेल बाबा, काट्यालाही मन असेल.

पाकिटाचं मात्र डोक्यातून काढून टाक. अगं, सव्वीस वर्षांचा कागद. तेव्हाची शाई कसली, रंगीत पाणी. एव्हाना उडून गेली असणार. सगळ्यांसमोर फोडाल, आत काही दिसणार नाही, आणि क्लबाचं हसं होईल. औषधवाल्याला सांग, कपाटात छान दिसतंय ते, राहू दे.

आणि अंतिम डावात काळी मोहरी आली तर ड्रॅगन डाव खेळू नकोस. मीच तुला तो शिकवला हे खरं. पण त्यात दोघांचे राजे दोन टोकांना बसतात आणि दोघंही एकमेकांच्या घरावर धावून जातात. एक खेळी उशीर झाला की खेळ खलास. एवढ्या लोकांपुढे कशाला जिवाला घोर? साधं, शांत काहीतरी खेळ.

माझं प्यादं ई५.

तुझा मामा


१९ ऑगस्ट

प्रिय मामा,

मला ठाऊक होतं तू ई५च खेळणार! सोळा डाव झाले, मला ड्रॅगन शिकवणारा माणूस पत्रातून एकदाही ड्रॅगन खेळलेला नाही. माझ्याशी खेळताना हात आखडता घेतोस होय? मी काही आता दहा वर्षांची नाही.

शाईचं मी औषधवाले काकांना सांगितलं. ते काउंटरवर बाटल्या पुसत होते. हातातली पुसून झालेली बाटली त्यांनी पुन्हा पुसली. मग म्हणाले, "शाई उडाली तरी निबेचा दाब राहतो. कागद तिरप्या उजेडात धरला की वाचता येतं." तेव्हा काळजी नको, तुझी खेळी सापडणार.

क्लबात पैजा लागल्यात. गणिताचे सर (अंतिम डावात माझ्यासमोर तेच आहेत) म्हणतात तू राजा बाजूला घेतला असणार. पोस्टातले आजोबा म्हणतात, छे, काटेवाला तसला नव्हता, त्याने हत्ती देऊन घोडा मारला असणार. तुझा तो तहकूब डाव त्यांनी पटावर जसाच्या तसा मांडूनच ठेवला आहे. येणारा जाणारा तिथे वाकून बघतो. मीही बघते, आणि खरं सांगू, माझी छाती फुगते.

काल आईकडून माझा जन्माचा दाखला घेतला, लॅबच्या कागदपत्रांसाठी. त्यात जन्मवेळ सकाळी सातची आहे. आणि डाव दुपारी चारला पुन्हा सुरू व्हायचा होता. म्हणजे नऊ तास होते की तुझ्याकडे! तरी गेला नाहीस. इतका कसा रे वेडा तू? आईला म्हटलं तर तिचे डोळेच भरून आले.

घोडा एफ३.

तुझी भिंगरी


२८ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

उशीर झाला. भंगारवाल्याच्या काट्याने जीव खाल्ला. शेवटी वजनांच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोखंड सापडलं. त्याच्याच हाताने चिकटवलेलं, पण चेहरा असा केला की आज पहिल्यांदा बघतोय. मीही नुसतं ते लोखंड खरवडून काढलं. त्याच्याकडे बघून मला कसंसंच झालं, एवढंच.

पाकिटाबद्दल मी नीट विचार केला. नियमाने ते फोडताच येत नाही. मी डाव सोडला होता, लेखी. डाव सोडला की तो तिथेच संपतो. संपलेल्या डावाच्या पाकिटावर क्लबाचा हक्क नाही, ती खेळाडूची खाजगी वस्तू. औषधवाला नियमाला पक्का आहे, त्याला हे पटेल. त्याला नमस्कार सांग. नको, राहू दे, सांगू नकोस.

पोस्टातल्या आजोबांना म्हणावं, पट उचला आता तो. धूळ बसेल.

जन्मवेळ वगैरे कशाला उकरत बसतेस? झालं ते झालं.

घोडा सी६.

तुझा मामा


५ सप्टेंबर

प्रिय मामा,

तू पण ना! बरं, तुझा नियम मी काकांपुढे ठेवला. ते हसले. म्हणाले, "बरोबर आहे मामाचं. पाकीट त्याचं, तेव्हा परवानगीही त्याची हवी. दोन ओळी लिहून पाठवायला सांग. नसेल द्यायची तर तसं लिही म्हणावं, मी पाकीट पुन्हा कपाटात ठेवीन आणि कुणाला हात लावू देणार नाही." आता सगळं तुझ्याच हातात आहे.

मामा, दे ना परवानगी. माझ्या वाढदिवसाला तू दर वर्षी पुस्तक पाठवतोस, या वर्षी पुस्तक नको, हेच दे.

तुला एक सांगते, हसू नकोस. मला लहानपणापासून वाटत आलंय की मी तुझं काहीतरी देणं लागते. मी जन्मले म्हणून तुझा कप गेला. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, उलट मला खेळायला शिकवलंस, पत्रांतून, एकेक खेळी, सतरा वर्षं. म्हणून यंदा काळी मोहरी आली तर मी ड्रॅगनच खेळणार आणि तो कप तुझ्या दुकानात आणून ठेवणार. त्याच दिवशी तुझी खेळी सगळ्यांना कळेल. मग फिटलं सगळं.

उंट सी४. (घाईत लिहितेय. एका आजीबाईंची कवळी संध्याकाळपर्यंत द्यायची आहे, त्यांना उद्या नातवाच्या लग्नात हसायचंय.)

तुझी भिंगरी


१२ सप्टेंबर

भिंगरी,

परवानगी नाही. औषधवाल्याला तसं सांग. विषय इथे संपला.

तुझा मामा


१७ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र तीनदा उलटून पाहिलं. पाठीमागेही पाहिलं. खेळी नाही! सतरा वर्षांत हे पहिल्यांदा. टायफॉइडमध्ये सुद्धा तू अंथरुणातून वजिराची खेळी लिहून पाठवली होतीस.

आधी वाटलं तू आजारी आहेस. चावीवाल्या काकांना फोन केला, ते म्हणाले ठणठणीत आहे, फक्त कुणाशी बोलत नाही. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

तुला पस्तावा होतोय ना? इतकी वर्षं दाबून ठेवलास. ती खेळी जिंकणारी होती, आणि माझ्यापायी ती पाकिटातच राहिली. ती सगळ्यांपुढे निघाली तर तुला सोसणार नाही. बरोबर आहे तुझं. मीच मूर्ख, नाचत नाचत तुझ्या दुखण्यावर बोट ठेवत होते.

तेव्हा मी ठरवलंय, अंतिम डाव मी खेळणार नाही. तुला मिळाला नाही तो कप मी कोणत्या तोंडाने उचलू? काकांना शनिवारी सांगणार आहे. तू रागावू नकोस, एवढंच.

तुझी भिंगरी


१९ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

हे पत्र हातात पडेपर्यंत औषधवाल्याला काही सांगू नकोस. सांगितलं असशील तर जाऊन परत घे. तारेसारखं धाडतोय, चावीवाल्याचा मेहुणा तुमच्याकडे निघालाय त्याच्या हाती.

पाकिटात काही नाही. कोरा कागद आहे.

आता सगळं सांगतो. मध्येच वाचायचं थांबू नकोस.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आत्ता तू आहेस तेवढाच. क्लबात माझा दरारा होता. काटेवाला म्हणजे धाडसी, काटेवाला म्हणजे ड्रॅगन, मागे बघायचं नाही. अंतिम डावात औषधवाला समोर. तो शांत माणूस, चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. त्याची प्यादी माझ्या राजाच्या दारात येऊन ठेपली होती. बाविसाव्या खेळीला मला दिसलं: हत्ती देऊन त्याच्या राजापुढचा घोडा मारायचा. तेवढी एकच वाट होती. बाकी काहीही केलं तर मी हळूहळू मरणार होतो. पण ती खेळी चुकीची असती, तर पाच खेळ्यांत, साठ माणसांपुढे, माझा फज्जा उडाला असता. चाळीस मिनिटं मी त्या हत्तीकडे बघत बसलो. हात उचलेना. तेवढ्यात त्या दिवसाच्या खेळाची वेळ संपली, पंच आले आणि म्हणाले, लिहा खेळी.

भिंगरी, मी हात आडवा धरला आणि लिहिल्याचं नाटक केलं. एकदा लिहिली असती तर ती माझी झाली असती, मग निभवावी लागली असती. कागद घडी घालून पाकिटात टाकला, लाख लावली, सही केली. सहीला हात नाही थरथरला. गंमत बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तू झालीस. साडेसातला मी तुला हातात घेतलं. मुठी आवळलेल्या, तोंड रागीट. तुझी आई थकलेली होती, तरी तिला आठवण होती. म्हणाली, "दादा, तुझा डाव आहे ना, जा तू, आम्ही बऱ्या आहोत." क्लब तिथून चालत दहा मिनिटांवर. आणि मी म्हटलं, "भाचीला सोडून कुठे जाऊ?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथेच चिठ्ठी लिहिली, डाव सोडला, आणि दवाखान्यातल्या शिपायाबरोबर पाठवून दिली. तुझ्या आईने पुढे जे सगळ्यांना सांगितलं ते तिने खरं मानूनच सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, तिला आजही माहीत नाही.

मग लोक रस्त्यात थांबवून माझी पाठ थोपटायला लागले. पाकीट काचेच्या कपाटात गेलं. मला ते सोसेना म्हणून दोन वर्षांत गाव सोडलं, पण बोललो नाही. तू मोठी झालीस, तुला हे सगळं सांगितलं जातंय हे मला कळत होतं, तरी बोललो नाही. तुझ्या पत्राने मला मुळापासून हलवलं. पस्तावा तुझ्यापायी नाही गं. तुझ्या मागे लपलो, तुझ्या दुपट्याच्या मागे, याचा आहे. मला भीती वाटली होती, बस्स, दुसरं काही कारण नाही.

तुझ्याकडे माझं काही येणं नाही. कधीच नव्हतं. खेळ, नाही तर नको खेळू, पण माझ्यासाठी नको.

खेळी लिहीत नाही. तुला पुढे खेळायचं आहे का, ते आधी कळव.

मामा


३ ऑक्टोबर

भिंगरी,

उत्तर नाही. बरोबर आहे. मीही दिलं नसतं.

फक्त डावातून नाव काढून घेतलं नाहीस ना, एवढं चावीवाल्याला फोनवर सांग.

मामा


६ ऑक्टोबर

मामा,

नाव काढलं नाही.

सतरा दिवस तुला लिहिलं नाही. तेवढ्यात अकरा कवळ्या केल्या. त्यातल्या तीन परत आल्या, चावा जुळत नव्हता. डॉक्टर म्हणाले, तुझ्या हातून असं कधी होत नाही. मी म्हटलं, घरचं आहे थोडं.

कोऱ्या कागदाचा मला राग नाही. हे लिहायला मला बरेच दिवस लागले, पण खरंच नाही. साठ माणसांपुढे बसल्यावर मोहरं कसं जड होतं ते मला माहीत आहे. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. दहा वर्षांची असताना मी शाळेच्या स्पर्धेत हरले आणि दोन दिवस जेवले नाही, आठवतं? तू पत्र लिहिलं होतंस, "हरण्यात काय एवढं." अरे, मी हरले म्हणून रडत नव्हते! तुझा एक कप आधीच घालवला होता, आता दुसराही घालवला म्हणून रडत होते. ते एका ओळीत मिटलं असतं. तू ती ओळ लिहिली नाहीस. सतरा वर्षांत किती पत्रं झाली, प्रत्येकात खेळीला जागा होती आणि त्या ओळीला नव्हती.

हे लिहून झालं आणि आता जरा बरं वाटतंय. तेव्हा ऐक.

एक, परवानगीच्या दोन ओळी पाठव. दुसरं, चार ओळी सगळ्यांसाठी लिही. पाकीट फोडायच्या आधी मी त्या वाचून दाखवीन. आईला मी आधी घरी बसवून सांगेन, तिला क्लबात कळायला नको. आणि तू येऊ नकोस. तू समोर दिसलास तर मला राग येईल नाही तर रडू, आणि मला दोन्ही नको, मला डाव खेळायचाय.

आणि तुझी खेळी बाकी आहे. माझा उंट सी४ वर कधीपासून ताटकळतोय.

भिंगरी


११ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

परवानगी आणि चार ओळी सोबत. सात वेळा लिहिल्या, प्रत्येक वेळी कारणंच जास्त व्हायची. शेवटी कारणं काढून टाकली तेव्हा चार उरल्या.

तुझ्या पत्रातलं सगळं बरोबर आहे. मी काही म्हणत नाही.

माझा उंट सी५.

तुझा मामा


२० ऑक्टोबर

प्रिय मामा,

हरले!

आता सगळं क्रमाने सांगते. आईला शनिवारी सांगितलं. तिने निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "तरीच त्या दिवशी त्याने तुला तीन तास खाली ठेवली नाही. मला वाटलं किती माया." आणि स्वतःच म्हणाली, "माया होतीच म्हणा, ते काही खोटं नव्हतं." तुला पत्र लिहिणार आहे ती. तयारी ठेव, आईला राग आला की ती बारीक अक्षरात लिहिते.

रविवारी काळी मोहरी आली. सर समोर बसले, चष्मा पुसला. मी घड्याळाकडे बघत विचार केला, आज काय खेळू? आणि मामा, हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला विचारला. इतकी वर्षं मी तुझाच डाव खेळत होते. आज मला काहीही खेळायची मुभा होती. मग मी ड्रॅगन खेळले! कारण मला तो आवडतो. कोपऱ्यातला उंट सगळ्या पटावर नजर ठेवून बसतो ना, ते मला आवडतं. एवढंच कारण.

सतराव्या खेळीला हत्ती देऊन घोडा मारला. तुझा तोच. आधी हात उचलेना, अगदी तू लिहिलंस तसा. सभागृहात कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. सर दहा मिनिटं हलले नाहीत. वीस खेळ्या मी त्यांच्या राजाला घाम फोडला आणि मग एक शह द्यायचा राहिला, तिथे गेला डाव. अडतिसाव्या खेळीला सोडला. सरांशी हात मिळवला, बाहेर जाऊन पायरीवर बसले, चहा प्यायले. काही झालं नाही, मामा. आभाळ जागेवर होतं. पोस्टातले आजोबा येऊन म्हणाले, "पोरी, असा डाव मी सव्वीस वर्षांनी पाहिला."

मग तुझ्या चार ओळी वाचल्या. "पाकिटात खेळी नाही. मला ती दिसली होती, लिहायचं धाडस झालं नाही. भाचीचा जन्म हे कारण खोटं होतं, तिचा यात काही संबंध नाही. सगळ्यांची माफी मागतो." तिसरी ओळ मी दोनदा वाचली. कुणी हसलं नाही, कुणी चुकचुकलंही नाही.

औषधवाले काका पाकीट हातात घेऊन उभे होते. त्यांनी ते फोडलंच नाही! खिशात घातलं आणि म्हणाले, "हे आता आमच्या दोघांतलं आहे." आणि दिवे बंद करायला लागले. ते काय करणार आहेत मला माहीत नाही. विचारलं तर नुसते मान हलवतात.

माझा राग आता फक्त कडेकडेला उरलाय. दिवाळखोरीत निघालेल्या दुकानासारखा, एक दोन वस्तू उरल्यात, त्याही जातील.

मी किल्लेकोट केला, राजा हत्तीच्या आड कोपऱ्यात.

तुझी भिंगरी


२२ ऑक्टोबर

काटेवाल्या,

सव्वीस वर्षांनी लिहितोय. अक्षर लागलं नाही तर दोष माझा, आयुष्यभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून हे असं झालंय.

तुझं पाकीट सोबत पाठवतोय. फोडलेलं नाही. मला फोडायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी तू हात आडवा धरून लिहीत होतास तेव्हा मी समोर बसलो होतो. बाकीच्यांना तुझी पाठ दिसत होती, मला तुझं पेन दिसत होतं. पेनाचं टोपण तू काढलंच नव्हतंस.

म्हणजे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता तू विचारशील, मग बोललो का नाही. सांगतो. तो हत्ती मलाही दिसला होता. घरी जाऊन मी पट मांडला आणि हत्तीने घोडा मारला तर काय, हे शोधत बसलो. उत्तर सापडलं नाही. मनात म्हटलं, आत काही नाही हे मला माहीत आहे, पण तो उद्या येऊन "टोपण राहून गेलं" म्हणाला, पंचांनी त्याला संधी दिली, आणि त्याने हत्ती मारला तर? दुपारी तुझी चिठ्ठी आली. लोक हळहळले. मीही हळहळल्यासारखा चेहरा केला आणि आतून इतका सुटलो म्हणून सांगू! कप घेतला. तो काउंटरवर खोकल्याच्या औषधांशेजारी आहे. रोज पुसतो आणि रोज मला तुझं टोपण आठवतं.

तुझं पाकीट मी कपाटात का ठेवू दिलं आणि आता फोडायची टूम का काढली, हेही विचारशील. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून ठेवू दिलं. भाचीला अंतिम फेरीत बघितलं आणि वाटलं, ही पोर आपल्या दोघांच्या भित्रेपणाचं ओझं घेऊन खेळतेय. तू बोलल्याशिवाय मला बोलता येईना. म्हणून परवानगी तुझ्याकडे मागितली. मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. तू माझ्यापेक्षा बरा निघालास.

त्या डावाची मांडणी मला तोंडपाठ आहे, तुलाही असणार. बाविसावी खेळी, पाळी तुझी. सावकाश लिही. फक्त या वेळी टोपण काढ.

औषधवाला

ता. क. कप पाठवत नाही. आधी डाव संपू दे.


२७ ऑक्टोबर

औषधवाल्या,

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं. टोपणाशी आलो आणि खाली बसलो. चावीवाल्याला वाटलं मला चक्कर आली, त्याने पाणी आणलं. मी हसतोय की काय करतोय हे त्याला कळेना, मलाही नीट कळलं नाही.

म्हणजे सव्वीस वर्षं आपण दोघंही त्याच एका हत्तीला भिऊन बसलो होतो, आणि ती पोर सकाळी सतराव्या खेळीला तो देऊन मोकळी झाली. हरली, चहा प्यायली आणि मला पत्रात सांगते, आभाळ जागेवर होतं. आपल्याला एवढं साधं कुणी सांगितलं का नाही रे?

पाकीट मीच फोडलं. लाख अजून कडक होती. कागद कडेने पिवळा पडलाय, मध्ये अगदी स्वच्छ. त्याच कागदावर हे लिहितोय, दुसरा घेतला नाही. पेन नवं आहे, टोपण समोर टेबलावर काढून ठेवलंय. हात थरथरतोय, अक्षरावरून दिसेलच तुला. दिसू दे.

चुकीची असली तरी चालेल. माझी आहे.

बाविसावी खेळी. काळी बाजू. हत्ती सी३ वर, घोडा मारला.

घड्याळ दाबलंय. आता तुझी पाळी.

काटेवाला